दातांच्या उपचारांबद्दल तक्रार आणि पैसे परत मागणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाताच्या डॉक्टरांकडे आपण तोंड उघडून आडवे पडलेले असतो. आत काय चाललंय ते दिसत नाही, मध्येच विचारता येत नाही, आणि उठल्याबरोबर बिल हातात पडतं. म्हणूनच काही बिनसलं की फसवलं गेल्याची भावना फार तीव्र असते. स्वतःची एक तक्रार तडीला नेल्यापासून मी इतरांना अशी पत्रं लिहायला मदत करते. राग शंभर टक्के खरा असूनही पैसे अडकलेले मी पाहिले आहेत. मागणी मोघम असते, दार चुकीचं ठोठावलेलं असतं, नाहीतर हातात कागद नसतो. खालचे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारले गेलेले आहेत.

उपचार टिकला नाही, म्हणजे पैसे परत मिळायलाच हवेत ना?

दरवेळी नाही. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण तक्रार लिहायची तर सुरुवात इथूनच करावी लागते. व्यवस्थित केलेला रूट कॅनॉलही, म्हणजे दाताच्या मुळातल्या नलिका साफ करून भरण्याचा उपचारही, काही जणांत फसतो. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी नलिका असते आणि ती इतकी बारीक असते की अनुभवी हातालाही सापडायला अवघड जाते. मुळाशी झालेली जखम भरून आल्याचं एक्स-रेत दिसायला वर्षही लागू शकतं. रूट कॅनॉल करणाऱ्या तज्ज्ञांच्या युरोपीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत वर्षभरानंतर तपासणी करावी, आणि शंका राहिली तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावं, असं म्हटलेलं आहे. तेव्हा महिन्याभरात ‘फसला’ असा शिक्का मारणं घाईचं ठरतं. दात काढल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उठणारा भयंकर ठणकाही तसाच. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली की तो उठतो. त्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात आणि तो चांगल्या डॉक्टरांकडेही होतो.

म्हणून प्रश्न असे विचारा. काम करताना नेहमीची काळजी घेतली होती का? धोका आधी सांगितला होता का? गडबड लक्षात आल्यावर डॉक्टरांनी काय केलं? रूट कॅनॉल करताना नलिका साफ करायला वापरायची सुईसारखी बारीक फाइल कधीकधी नलिकेत तुटते. तुटणं हा दरवेळी निष्काळजीपणा नसतो. पण तुकडा आत राहिलाय हे पेशंटला न सांगता वर कॅप बसवली, तर त्याला दुसरा शब्द नाही, ती लपवाछपवी आहे.

मग मागणी भक्कम कधी असते?

चुकीच्या दातावर काम झालं असेल तेव्हा. न केलेल्या कामाचे पैसे लावले असतील तेव्हा. ठरलं एक आणि बसवलं दुसरं, म्हणजे झिर्कोनियाची (बिनधातूची, पांढरी) कॅप म्हणून पैसे घेतले आणि धातूवर पोर्सेलीन चढवलेली बसवली, तेव्हा. कॅप, ब्रिज किंवा कवळी पहिल्या दिवसापासून नीट बसलीच नसेल तेव्हाही. एखादी वस्तू मापाने बनवून घेतली आणि ती मापात नाही, हे सिद्ध करणं ‘उपचाराचा दर्जा कमी होता’ हे सिद्ध करण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. आगाऊ पैसे भरले आणि उपचार सुरूच झाला नाही, तर मामला आणखी सरळ.

तक्रार करण्याआधी पहिलं काम कोणतं?

तुमची पूर्ण फाइल मागणं, आणि तीही भांडण व्हायच्या आधी. केसपेपर, एक्स-रे, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी) स्कॅन केला असेल तर तो, उपचाराचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज, संमतिपत्र, बिलं, पावत्या, आणि कॅप किंवा कवळी बाहेरच्या लॅबमधून आली असेल तर लॅबची चिठ्ठी. इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ) असेल तर त्याचं स्टिकर किंवा कार्ड जरूर मागा. त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो, आणि पुढे कोणालाही त्यावर काम करायचं झालं तर ते लागतंच.

एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो चालवून घेऊ नका. मूळ डिजिटल फाइल मागा. स्क्रीनच्या फोटोत मुळाचं टोक आणि भरलेलं साहित्य यांतलं एक-दोन मिलिमीटरचं अंतर दिसत नाही, आणि रूट कॅनॉलच्या वादात सगळा खेळ त्या एक-दोन मिलिमीटरचाच असतो.

फाइल मागताना कारण द्यावं लागतं का, असं लोक घाबरत विचारतात. एक निकाल इथे सांगावासा वाटतो. जर्मनीतल्या एका पेशंटला आपल्या दंतवैद्याच्या कामात चूक झाल्याचा संशय होता, म्हणून त्याने कागदपत्रं मागितली. डॉक्टर म्हणाले, प्रतींचा खर्च द्या. प्रकरण युरोपियन युनियनच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितलं की पहिली प्रत मोफत द्यायची आणि पेशंटने कारण सांगायची गरज नाही. हा निकाल युरोपियन युनियनपुरता आहे. स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क मात्र इतरही अनेक देशांत आहे, फक्त शुल्क आणि मुदत वेगळी असते. लेखी मागा आणि मागितल्याची तारीख जपून ठेवा.

केसपेपरवर ३६, ४६ असे आकडे आहेत. ते काय?

दाताचा पत्ता. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: १ म्हणजे वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजायचा, १ ते ८. म्हणजे ३६ ही खालची डावी पहिली दाढ आणि ४६ ही खालची उजवी पहिली दाढ. डावं-उजवं पेशंटचं धरायचं, समोर उभ्या असलेल्या डॉक्टरांचं नाही. दुधाच्या दातांसाठी पहिला आकडा ५ ते ८ असतो.

आणि एक सावधगिरी. अमेरिकेत १ ते ३२ अशी सरळ मोजणी चालते. तिथल्या कागदावरचा १४ म्हणजे वरची डावी पहिली दाढ; इतर ठिकाणच्या कागदावरचा १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ. दोन देशांत उपचार झाले असतील तर तक्रारीत आकड्यासोबत दाताचं वर्णनही लिहा. बिल, केसपेपर आणि एक्स-रे यांवरचे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते शांतपणे बसून पाहा. न केलेल्या कामाचं बिल बहुतेक वेळा इथेच सापडतं.

दुखणं सहन होत नाही. तक्रार मिटेपर्यंत दुसरीकडे उपचार घेऊ नये का?

घ्या. सूज, ताप, पू, तोंड उघडायला त्रास, गिळायला त्रास यांपैकी काही असेल तर तक्रारीचा विचारही करू नका, आधी डॉक्टर गाठा. जबड्याखालची सूज श्वासापर्यंत पोचू शकते.

फक्त नवीन डॉक्टरांनी हात लावण्याआधी जे आहे ते टिपून ठेवायला सांगा: एक्स-रे, तोंडातले फोटो, आणि त्यांच्या केसपेपरवर ‘आज काय आढळलं’ याची नोंद. जुनी कॅप काढून टाकली, दाढ पुन्हा उघडली, की पहिल्या कामाचा पुरावा संपतो. मग पहिले डॉक्टर म्हणतात, माझ्याकडून गेली तेव्हा सगळं ठीक होतं. आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर राहत नाही.

निघालेली कॅप फेकून दिली तर चालेल का?

अजिबात नको. कॅप, ब्रिज, तुटलेली कवळी, सिमेंटचा पडलेला तुकडा, काढलेला दात, जे हाती असेल ते ठेवा. मी माझी कॅप कानातल्यांच्या एका रिकाम्या डबीत कापसावर ठेवली होती आणि डबीवर तारीख लिहिली होती. आतल्या बाजूला सिमेंट एका कडेलाच चिकटलेलं होतं, दुसरी कड स्वच्छ. ते बघून दुसऱ्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं की ही त्या बाजूला कधी टेकलीच नव्हती.

दुसऱ्या डॉक्टरांकडून लेखी मत कसं मिळवायचं? ते सहकाऱ्याविरुद्ध लिहीत नाहीत.

खरं आहे, बरेच जण टाळतात. ‘त्यांची चूक झाली असं लिहून द्या’ म्हटलं की पेन खाली ठेवतात. त्याऐवजी तीन साध्या गोष्टी विचारा: आज तोंडात काय स्थिती आहे, काय करणं गरजेचं आहे, आणि त्याला किती खर्च येईल. कोणाचंही नाव न घेता ‘४६ वरच्या कॅपची मागची कड उघडी, खाली कीड, कॅप बदलणं आवश्यक’ एवढं लिहून मिळालं तरी तुमचं निम्मं काम झालं. दोषाचा निवाडा करणारं तज्ज्ञाचं मत लागतं ते पुढे, प्रकरण न्यायालयात गेलं तर.

तोंडी सांगू की लिहून देऊ?

आधी एकदा समोर बसून बोला, कारण कितीतरी प्रकरणं तिथेच मिटतात. रिसेप्शनवर, इतर पेशंटांच्या देखत बोलू नका. वेळ मागून आत बसा. घरी आल्यावर काय बोलणं झालं ते त्याच दिवशी ईमेलने किंवा मेसेजने त्यांना पाठवा. तेवढ्याने न मिटल्यास पत्र लिहा.

पत्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझी स्वतःची पहिली तक्रार इथेच फसली होती. मी तीन पानं लिहिली होती: किती रात्री झोप लागली नाही, रिसेप्शनवरच्या मुलीने कसा फोन ठेवला, डॉक्टर कसे घड्याळाकडे बघत होते. सगळं खरं होतं, आणि उत्तर आलं नाही. शेवटी मी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं:

‘अमुक तारखेला तुमच्याकडे माझ्या खालच्या उजव्या पहिल्या दाढेवर (४६) कॅप बसवली. तिसऱ्या दिवसापासून चावताना तीच दाढ आधी टेकत होती. दोनदा घासून दिलीत, फरक पडला नाही. तेविसाव्या दिवशी कॅप निघाली. ती माझ्याकडे आहे. कॅपसाठी घेतलेली पूर्ण रक्कम मला परत हवी आहे. त्याच दाढेच्या रूट कॅनॉलबद्दल माझी तक्रार नाही. चौदा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. सोबत बिल, दोन एक्स-रे आणि कॅपचे फोटो जोडले आहेत.’

या पत्राला उत्तर आलं. ‘रूट कॅनॉलबद्दल माझी तक्रार नाही’ या वाक्यानेच फरक पडला असं मला वाटतं. जे नीट झालं ते नीट झालं म्हणणाऱ्या माणसाचं बाकीचं म्हणणं खोटं पाडणं कठीण जातं.

पत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या आणि क्लिनिकच्या मालकाच्या, दोघांच्या नावे पाठवा. साखळी क्लिनिक असेल तर मुख्य कार्यालयालाही. पोचल्याचा पुरावा राहील अशा मार्गाने पाठवा.

नेमके किती पैसे मागायचे?

इथे चार वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक, त्या कामासाठी दिलेले पैसे परत. दोन, बिघडलेलं दुरुस्त करायला दुसरीकडे येणारा खर्च. तीन, त्या पायी झालेलं इतर नुकसान: औषधं, प्रवास, बुडालेली मजुरी किंवा पगार. चार, वेदना आणि मनस्ताप यांची भरपाई. पहिल्या दोन गोष्टी क्लिनिकशी पत्रव्यवहारात मिळू शकतात. तिसरीला पावत्या लागतात. चौथी क्लिनिक आपणहून क्वचितच देतं. ती बहुधा न्यायालयात किंवा ग्राहक आयोगासमोरच ठरते.

पहिली आणि दुसरी पूर्णच्या पूर्ण एकत्र मागताना जपून. पहिल्या कॅपचे सगळे पैसे परत आणि दुसरीकडच्या कॅपचाही सगळा खर्च मिळाला, तर हिशेबात कॅप तुम्हाला फुकट पडते, आणि समोरचा नेमकं त्यावरच बोट ठेवतो. पैसे परत घ्या आणि नवीन काम महाग पडलं तर वरचा फरक मागा. किंवा पूर्ण दुरुस्ती त्यांच्या खर्चाने मागा. दुरुस्तीत मूळ कामापेक्षा जास्त काही करावं लागलं असेल, जसं की कॅपखाली कीड लागून दाढ काढावी लागली, तर तो भाग वेगळा दाखवा.

बिलात सगळं एकाच रकमेत कोंबलेलं असेल तर आधी तपशीलवार बिल मागा. तपासणी, एक्स-रे, रूट कॅनॉल, कॅप अशी फोड झाल्याशिवाय कशाचे पैसे परत मागताय हेच ठरत नाही.

क्लिनिक म्हणतं पैसे नाही, पण काम पुन्हा फुकट करून देतो. मान्य करावं का?

त्या हातांवर तुमचा विश्वास उरलाय का, त्यावर आहे. कॅपची छटा जुळली नाही, कवळी टोचते, अशा बाबतीत पुन्हा करून घेणं बहुधा सगळ्यात लवकर सुटणारं असतं. पण चुकीचा दात घासला गेला असेल तर ‘पुन्हा करून देतो’ याला अर्थ नाही. घासलेलं इनॅमल परत उगवत नाही. मान्य करत असाल तर लिहून घ्या: काय करणार, किती दिवसांत, आणि तेही जमलं नाही तर पैसे परत.

मी संमतिपत्रावर सही केली होती. आता काहीच करता येणार नाही?

येतं. सही म्हणजे ‘या उपचारात अमुक धोका असतो हे मला समजलं’ एवढंच. निष्काळजीपणाला ती परवानगी नसते. खालची अक्कलदाढ काढताना जवळून जाणाऱ्या नसेला धक्का लागून ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते. हे आधी समजावलं असेल आणि झालं, तर तेवढ्यावरून दोष लागणार नाही. पण मूळ नसेला खेटून आहे हे एक्स-रेत दिसत असताना तो शब्दही काढला नसेल, किंवा भूल दिल्यानंतर खुर्चीवर सही घेतली असेल, तर त्या कागदाचं वजन बरंच कमी होतं. सही कधी आणि कोणत्या स्थितीत घेतली, हे तक्रारीत लिहाच.

पॅकेजचे पैसे आगाऊ भरले, उपचार अर्धवट राहिला.

अलायनर (दात सरळ करणारे पारदर्शक साचे) आणि तारांच्या बाबतीत हे फार होतं. झालेल्या कामाचा हिशेब लेखी मागा आणि उरलेले पैसे मागा. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं पावतीवर छापलंय म्हणून गप्प बसू नका. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणारी अट बऱ्याच देशांच्या ग्राहक कायद्यांत अन्याय्य ठरू शकते.

हप्त्यांवर असाल तर वेगळी काळजी. कर्ज देणारी कंपनी वेगळी असते आणि तिच्याशी तुमचा करार वेगळा असतो. क्लिनिकवर चिडून हप्ता बंद केला तर पतनोंद तुमची खराब होते. त्याच दिवशी कर्ज कंपनीलाही लेखी कळवा. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ असा वाद नोंदवता येतो. त्याला मुदत असते, साधारण १२० दिवसांची, आणि तुमच्या बँकेची नेमकी मुदत आजच विचारा. ‘काम वाईट झालं’ यापेक्षा ‘काम झालंच नाही’ या कारणाने तो वाद टिकतो.

क्लिनिक उत्तरच देत नाही. पुढे कुठे जायचं?

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. डॉक्टरांची नोंदणी करणारी दंतवैद्यक परिषद आणि पैसे मिळवून देणारी जागा, या दोन वेगळ्या आहेत. परिषद डॉक्टरांची वागणूक आणि पात्रता तपासते. ताकीद देते, नोंदणी स्थगित करते, नाव काढून टाकते. पैसे परत देण्याचा आदेश देणं सहसा तिच्या हातात नसतं. ब्रिटनमध्ये जनरल डेंटल काउन्सिल हे स्पष्टच सांगते, आणि तिथे खासगी उपचारांच्या तक्रारी मिटवायला डेंटल कंप्लेंट्स सर्व्हिस ही वेगळी सेवा आहे. भारतात पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. तिथे रकमेसाठी ग्राहक आयोगाचं दार आहे.

डॉक्टर नोंदणीकृत नाहीत, नशेत काम केलं, खोट्या नोंदी केल्या, उपकरणं निर्जंतुक नव्हती, असं असेल तर परिषदेकडे नक्की जा, इतर पेशंटांसाठी जा. पण परिषदेच्या निकालाची वाट पाहत पैशाच्या दाव्याची मुदत घालवू नका. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात.

आणि ‘पैसे द्या नाहीतर परिषदेत जातो’ असं कधी लिहू नका. हक्काची मागणी धमकीसारखी दिसायला लागते.

मुदत किती असते?

देशागणिक वेगळी. भारतात ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. इंग्लंडमध्ये इजेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षं, इजा झाल्यापासून किंवा ती कळल्यापासून. दातांच्या बाबतीत ‘कळल्यापासून’ हा शब्द महत्त्वाचा, कारण नलिकेत राहिलेला फाइलचा तुकडा चार वर्षांनी दुसऱ्याच कामाच्या एक्स-रेत दिसतो. क्लिनिकशी चाललेल्या पत्रव्यवहाराने मुदत आपोआप थांबते असं समजू नका.

ते पैसे द्यायला तयार आहेत, पण एका कागदावर सही मागतात.

वाचल्याशिवाय करू नका. ‘पूर्ण आणि अंतिम’ असं लिहिलेलं असेल तर उद्या त्याच दाढेचं आणखी काही निघालं तरी मागता येणार नाही. पुढचा उपचार बाकी असेल तर तो होईपर्यंत थांबण्याची विनंती करा. कुठे तक्रार करणार नाही, कोणाला सांगणार नाही, अशा अटी असतील तर त्या खोडून मागा किंवा वकिलाला दाखवा. डॉक्टरांनी माफी मागितली तर ती मनापासून स्वीकारा; पण माफी म्हणजे कायद्यातली कबुली, असं धरून पुढचा दावा बांधू नका.

बिल अजून बाकी आहे. ते द्यायचं थांबवू का?

ज्या कामाबद्दल वाद आहे तेवढीच रक्कम रोखा, कारण लिहून कळवा, आणि वाद नसलेली रक्कम देऊन टाका.

विम्याने पैसे दिले होते. तरी मला मागता येतील?

तुमच्या खिशातून गेला तेवढा भाग तुमचा. विमा कंपनीने दिलेला भाग तिच्याकडे जातो. न झालेल्या कामाचं बिल विम्याला लावलेलं दिसलं तर कंपनीला कळवा. त्यांचा तपास विभाग तुमच्यापेक्षा जलद हालतो, आणि तुमच्या वार्षिक मर्यादेतून ती रक्कम उगाच वजा झालेली असते, तीही परत जमा करून मागा.

डॉक्टर सोडून गेले, किंवा क्लिनिकच बंद झालं.

डॉक्टरांची नोंदणी त्यांच्या सोबत जाते. परिषदेच्या नोंदवहीत त्यांचा सध्याचा पत्ता किंवा नोंदणी क्रमांक मिळू शकतो. क्लिनिकची मालकी बदलली असेल तर नवीन मालकाकडे फाइल असते. देणं कोणाकडे हे विक्रीच्या करारावर ठरतं. बऱ्याच डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असतो, त्याची माहिती मागा.

आईला विसरायला होतं. तिच्या कवळीची तक्रार मी करू शकतो का?

करू शकता. तिला समजत असेल तर तिच्या सहीचं एक छोटं अधिकारपत्र घ्या. नसेल समजत तर तिच्या वतीने निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार कोणाकडे आहे ते आधी पाहा. तिच्या केसपेपरची प्रत त्याशिवाय तुम्हाला देणार नाहीत, आणि देऊ नयेच. पत्रात कवळीचा त्रास तिच्याच शब्दांत लिहा. ‘जेवताना वरची कवळी खाली पडते, म्हणून आई चारचौघांत जेवायला बसत नाही’ हे वाक्य वाचणाऱ्याला ‘रिटेन्शन अपुरं आहे’ यापेक्षा लवकर कळतं.